मदत हवी आहे: आमच्या राजाचा आवाज फुटतोय

नमस्कार मंडळी,

मी १३ ते १६ वयाच्या मुलांना नाटक शिकवते. या वयाच्या पोरांबरोबर तालमी करण्याची मजा दुसरीकडे नाही, हे आधीच सांगून टाकते. वाद घालतील, उशिरा येतील, आणि मग अचानक एखादं वाक्य असं टाकतील की मी संहिता बाजूला ठेवून बघतच राहते. परवा एका मुलीने 'मी जाते' एवढंच म्हटलं, दाराकडे न बघता. अख्खी खोली गप्प. मला पुढची सूचनाच सुचेना!

अडचण राजाची आहे. दरबारात गरजताना मधेच चिरका सूर लागला. सगळे हसले, तोही हसला. पण तेव्हापासून तो नुसता पुटपुटतो. या वयात स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, मुलांचा आवाज साधारण एका सप्तकाने खाली उतरतो, हे सगळं समजावलं. पटलंही त्याला. भीती काही जाईना. प्रयोगाला पाच आठवडे उरलेत, तोवर आवाज स्थिर होईल याची काय खात्री!

भूमिका काढून घेणार नाही, हे पक्कं. ओरडायला लावून घसा ताणणार नाही, हेही. मग हळू बोलूनच धाक बसवणारा राजा करू का? की ते चिरकणं संहितेतच घेऊ? मला दुसरी कल्पना फार आवडते, पण त्याला ती थट्टा वाटली तर? कुणी हे हाताळलंय का? घशाला त्रास न देणारे व्यायामही सांगा. गुणगुणणं सुरू केलंय.