खाण तशी माती म्हणून पोराला सोडून द्यायचं का?

सातपूरची बाई
काल एकांनी इथे ठोकून दिलं की "मारकुटं पोरगं आईबापाच्या रक्तातूनच येतं, खाण तशी माती, वर्गातल्या पोरांना नि बाईंना कशाला दोष देता". आणि खाली सगळे माना डोलावतायत. अहो मी प्राथमिकच्या वर्गावर आहे, रोज बघते. रक्तात काही नसतं असं मी म्हणतच नाहीये, पण रक्तातलं बाहेर किती येणार हे बरंचसं सोबतची पोरं ठरवतात.

कॅनडात क्यूबेकमध्ये 1995 ते 1998 दरम्यान जन्मलेल्या जुळ्यांचा मोठा अभ्यास आहे, मारा ब्रेंडगेन वगैरे मंडळींचा. बालवर्गातल्या पोरांच्या हातात सगळ्या वर्गाचे फोटो देतात, ज्यांच्यासोबत खेळायला आवडतं त्या तिघांवर गोल कर, ज्यांच्यासोबत नको त्या तिघांवरही खूण कर, असं सांगतात. हुबेहूब जुळ्यांची जनुकं जवळपास पूर्ण सारखी, साध्या जुळ्यांची सरासरी निम्मी, म्हणून जन्मजात किती नि बाहेरचं किती हे चाचपता येतं. 2013 मध्ये त्यांनी मांडलं की ज्या वर्गात मारामारी करणारे इतरांचे लाडके असतात तिथे जन्मजात आक्रमकपणा जास्त उफाळतो, आणि जिथे अशांना कोणी भाव देत नाही तिथे तो तेवढा वर येत नाही.

माझ्याच वर्गात एक होता. कंपासपेटी फेकून मारायचा आणि मागचे दोन बाक फिदीफिदी हसायचे, त्याला तेच हवं असायचं. पुढच्या वर्षी तुकड्या बदलल्या, नव्या तुकडीत कोणी हसेना. खो-खोत मात्र चपळ निघाला, हुलकावण्या देत असा पळायचा की पोरं स्वतःहून "बाई, याला आमच्यात द्या" म्हणायला लागली. आईबाप तेच, रक्त तेच, मग बदललं काय?

अंबडवाला
बाई, एका पोरावरून शास्त्र होत नाही. माझी दोन पोरं, एकच घर, एकच शाळा, एकच रिक्षाकाका. थोरला कोणाच्या अध्यात ना मध्यात, धाकटा पाळण्यात असल्यापासून दुधाची बाटली भिरकवायचा, तेव्हा कुठली तुकडी होती? 2015 साली जगभरातल्या जुळ्यांच्या अभ्यासांचा एकत्र हिशोब झाला, 17,804 गुणधर्म, सरासरी 49 टक्के अनुवंशिक. अर्धं काम जन्माआधीच झालेलं. आणि पालकसभेत मात्र सगळ्यांसमोर आम्हालाच विचारतात "घरी वातावरण कसं आहे", बायको रडत घरी आली होती. आधी हे बंद करा, मग क्यूबेक सांगा.

लॅबमधला
49 टक्के म्हणजे तुमच्या धाकट्याचा अर्धा राग जनुकांचा, असा अर्थ होत नाही. माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला किती भाग जनुकांतल्या फरकाशी जोडता येतो, तेवढंच तो आकडा सांगतो, एका पोराबद्दल काहीच नाही. आणि अनुवंशिक म्हणजे न बदलणारं हे कुठून आणलं? फिनाइलकीटोन्युरिया पूर्ण जनुकीय आजार, तरी जन्मल्यावर लगेच रक्त तपासून आहार बांधून दिला तर मेंदूचं नुकसान टळतं.

पण बाई, तुमचंही अर्धंच आहे. पोरं त्याला टाळतात ती मुळात त्याच्या स्वभावामुळे. तो ढकलतो, बाकीचे लांब होतात, लांब झाले की तो आणखी ढकलतो, आणि शेवटी जवळ उरतात ती त्याच्यासारखीच. यात स्वभाव कुठे संपला नि सोबत कुठे सुरू झाली ते वेगळं काढून दाखवा.

सिडको चौथी स्कीम
तुम्ही सगळे वर्गातच अडकलात. कोणाला घ्यायचं नि कोणाला नाही हे संध्याकाळी खेळताना ठरतं. आमच्या गल्लीत चिडका असो नाहीतर बारका, त्याला लिंबूटिंबू म्हणून घ्यायचेच, त्याची आऊट धरायची नाही, पण खेळात तो असायचा. आता पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतला, खाली बोर्ड, "पार्किंगमध्ये खेळण्यास सक्त मनाई". पोरगं शाळा, क्लास, घर एवढंच करतं, त्याला कोण स्वीकारणार नि कोण नाकारणार?

गंगापूर रोड
बोर्ड लावणारे मूर्ख नाहीत. माझ्या गाडीची मागची काच फोडली, एक आईबाप सॉरी म्हणायला आले नाहीत, हप्ते मी भरतोय. मैदानावर न्या की.

सिडको चौथी स्कीम
कुठल्या मैदानावर? जॉगिंग ट्रॅकवर बॉल नेला की वॉचमन हाकलतो. काचेची किंमत आहे, पोरांची नाही का?

गंगापूर रोड
तोंड सांभाळून बोला. मला पण पोरगी आहे, रात्री आठपर्यंत खाली आरडाओरडा, तिने दहावीचा अभ्यास कधी करायचा? तुमच्या गल्लीचं कौतुक किती दिवस ऐकायचं.

पंचवटीची आजी
गल्लीचं नि वाड्याचं एवढं गोड करू नका रे बाळांनो. आम्ही वाड्यातच वाढलो. माझी धाकटी बहीण अडखळत बोलायची, तर सागरगोटे खेळताना तिची पाळी आली की मुली उठून जायच्या. लिंबूटिंबू सगळ्यांना करत नव्हते. समोरच्या बिऱ्हाडातली एकच मुलगी तिच्याशी खेळायची, ती होती म्हणून ही शाळेत तरी जात राहिली.

लॅबमधला
आजी, त्याच क्यूबेकच्या जुळ्यांमध्ये हेही पाहिलंय. उदासपणाकडे जन्मजात कल असलेल्या मुलींना एक जरी जवळची मैत्रीण असली तरी तो कल वर यायचा थांबतो.

अंबडवाला
आजींचं पटलं. धाकट्याचा एक दोस्त आहे खालच्या मजल्यावर, तो घरी असला की वस्तू उडत नाहीत, एवढं मान्य. पण तो दोस्तही त्याने स्वतःच शोधला, शाळेने नाही दिला. आणि पालकसभेचं काय ते बोला, ते सगळ्यांनी सोयीस्कर गिळलंत.

सातपूरची बाई
गिळलं नाही. सगळ्यांसमोर आईला तसं विचारणं चूकच, कोणीही केलं असलं तरी. पण मग पालकांनीही पोराच्या कानात "त्याच्या शेजारी बसू नको" सांगायचं नाही. निम्म्या आया हे सांगूनच पाठवतात, आणि दुसऱ्या दिवशी तो बाकावर एकटा. मग मी कितीही जोड्या लावल्या तरी काय उपयोग?

अंबडवाला
आम्ही थोरल्याला तसं सांगितलंय एकदोघांबद्दल. विचार करतो.

गंगापूर रोड
पाच ते सात पार्किंगची मागची बाजू पोरांना मोकळी द्या, हे आमच्या सोसायटीत मांडून बघतो. माझी गाडी मी पुढे लावीन. पण काच फुटली तर कोण भरणार हे आधी लेखी पाहिजे.

सिडको चौथी स्कीम
पैशाचं पालक बघून घेतील. आधी बोर्ड काढा.