मदत हवी आहे : पहिलीच ६५० सीसी मोटारसायकल घेत आहे, सुरुवातीच्या महिन्यांत काय अपेक्षित धरावे?

नमस्कार.

येत्या दिवाळीच्या पाडव्याला रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५० घरी आणण्याचा विचार जवळजवळ पक्का झाला आहे. आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी, ज्यांनी अशी जड आणि जोरकस गाडी काही वर्षे वापरली आहे त्यांच्याकडून काही गोष्टी नीट समजून घ्याव्यात म्हणून हा धागा काढत आहे. कोणती गाडी घ्यावी, हा माझा प्रश्न नाही. ती घेतल्यावर मला माझ्या चालवण्याच्या सवयींत काय बदलावे लागेल, हे मला जाणून घ्यायचे आहे.

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो आणि कामासाठी रोज गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत जातो. वय ४३, उंची पाच फूट पाच इंच. गेली अनेक वर्षे १५० सीसीची गाडी वापरत आहे आणि तिच्यावर माझा हात चांगला बसलेला आहे. पत्नीचे माहेर सावंतवाडीला असल्यामुळे आजरा-आंबोलीमार्गे आमचे दोघांचे जाणे-येणे वर्षभर असते, पावसाळ्यातसुद्धा. कधी साताऱ्यापर्यंत, कधी पुण्यापर्यंत महामार्गाने एकट्याचा प्रवास होतो.

आकडे मी पाहिले आहेत. सध्याची गाडी सुमारे १४ अश्वशक्तीची आणि दीडशे किलोंच्या आतली आहे. नवी गाडी ६४८ सीसीची, दोन सिलिंडरची, ४७ अश्वशक्तीची आणि इंधनासह दोनशे किलोंच्या बरीच वर जाणारी आहे. म्हणजे ताकद तिपटीहून अधिक आणि वजन जवळजवळ दीडपट. आपल्याकडे परवान्यात इंजिनाच्या ताकदीप्रमाणे पायऱ्या नाहीत. गिअरच्या मोटारसायकलचा जो परवाना मला कॉलेजात असताना शंभर सीसीच्या गाडीवर मिळाला, त्याच परवान्यावर मी उद्या ही गाडी रस्त्यावर आणू शकतो. कायद्याने मला सगळी मोकळीक आहे, पण त्यामुळे माझी तयारी झाली आहे की नाही हे सांगणारे कोणीच नाही, आणि शोरूममधला माणूस तर ते सांगणार नाही. ठरलेल्या सरळ रस्त्यावरची टेस्ट राइड घेतली, ती फारच सुखाची झाली. म्हणूनच तिच्यावर विसंबून राहावेसे वाटत नाही.

मला काळजी वाटते ती मुख्यतः ब्रेकची आणि आपल्या भागातल्या रस्त्यांची. ऊस गळीत हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री मागच्या दिव्यांशिवाय महामार्गावर येतात, रस्त्यावर पाचट आणि चिखल पडलेला असतो, आणि सातारा-कागल दरम्यानच्या सहापदरीकरणाच्या कामामुळे वळण-रस्ते कुठे सुरू होतील याचा नेम राहिलेला नाही. अशा ठिकाणी १५० सीसीच्या गाडीवर जो अंदाज बसला आहे, तो या गाडीवर चुकेल का? चुकत असेल तर नेमका कोणत्या बाजूला?

दुसरे असे की, गाडीची सीट ८०४ मिलीमीटर उंचीवर आहे आणि माझे दोन्ही पाय पूर्ण टेकत नाहीत. आमच्या गल्लीत चढ-उतार आहे आणि गाडी वळवायला जागा कमी आहे. पत्नीला मागे बसवून घाटात जाणे कधीपासून योग्य ठरेल, हेही कळले तर बरे होईल.

खर्चाची कल्पना मला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर १८ टक्के आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी झाला, त्यामुळे माझे मेहुणे ३४९ सीसीची गाडी घेण्याचा आग्रह धरत आहेत, आणि पैशाच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे बरोबर आहे. तरीही दोन सिलिंडरचा तो संथ, भरीव ओढा मला हवा आहे. तो मिळवण्यासाठी शिकावे लागणार असेल तर माझी तयारी आहे. कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद (सातारा)

आपण विचारलेल्या क्रमाने उत्तर देत नाही, कारण ज्या गोष्टीचा त्रास सर्वांत आधी होतो ती आपण शेवटी विचारली आहे.

हीच गाडी मी चालवतो. वेगात असताना तिचे वजन जाणवत नाही. ते जाणवते चालण्याच्या गतीपेक्षा कमी वेगात, आणि नवी गाडी बहुतेकांच्या हातून आडवी होते ती तिथेच. हँडल वळलेले आहे, गाडी जवळजवळ थांबलेली आहे आणि आपण जुन्या सवयीने पुढचा ब्रेक दाबला, तर पुढचे चाक आत ओढले जाते आणि दोनशे किलोंचा तोल पायाने सावरता येत नाही. १५० सीसीच्या गाडीवर आपण हीच चूक रोज पायाच्या बळावर निभावून नेत असतो, त्यामुळे ती चूक आहे हेच कळलेले नसते. म्हणून कमी वेगात वळताना फक्त मागचा ब्रेक, क्लच अर्धा आणि रेस किंचित धरलेली, ही पद्धत अंगवळणी पाडावी. एक पाय पूर्ण टेकला तर पुरते, दोन्ही टेकलेच पाहिजेत असे नाही. मात्र थांबण्यापूर्वी कोणता पाय कुठे टेकणार, तिथे खड्डा किंवा खडी तर नाही, हे बघण्याची सवय लागावी लागते.

उतारावर भिंतीकडे तोंड करून गाडी कधीही लावू नये. तिला रिव्हर्स नाही आणि चढावर ती मागे ओढणे एकट्याचे काम नाही. तोंड चढाकडे, पहिला गिअर टाकलेला, मग साइड स्टँड. मंगळवार पेठेतल्या गल्लीत हे पहिल्या दिवसापासून लागेल. गाडी आडवी झालीच तर पुढून वाकून उचलायला जाऊ नये, कंबर जाते. आधी इंजिन बंद करावे, मग गाडीकडे पाठ करून, सीटला मांड्यांच्या मागचा भाग लावून, पायांच्या जोरावर मागे ढकलत ती उभी करावी. उजवीकडे पडली असेल तर उचलण्यापूर्वीच साइड स्टँड बाहेर काढून ठेवावा, नाहीतर उभी केलेली गाडी पलीकडे जाते.

आता ताकदीविषयी. या इंजिनाची कमाल ताकद मिनिटाला सात हजारांच्या पुढच्या फेऱ्यांवर मिळते, पण ओढा अगदी खालपासून आहे. त्यामुळे ती अंगावर येत नाही, आणि फसगत होते ती याच कारणाने. १५० सीसीच्या गाडीवर ताशी ९० ला इंजिन ओरडते, हँडल थरथरते, वारा लागतो, आणि आपण आपोआप सावध होतो. इथे त्याच वेगाला इंजिन निवांत असते. पहिले काही आठवडे आपण समजतो त्यापेक्षा १५-२० किलोमीटर अधिक वेगात असतो, असे गृहीत धरून मीटरकडे मुद्दाम पाहत राहावे. आपण विचारलेत की अंदाज कोणत्या बाजूला चुकेल. तो याच बाजूला चुकतो. ताशी ६० ला गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते, ताशी १०० ला सुमारे २८ मीटर. पण ब्रेक लागल्यानंतर थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ६० च्या तुलनेत १०० ला ते पावणेतीन पट होते. दिवे नसलेली उसाची ट्रॉली आपल्या हेडलाइटच्या टप्प्यात कधी येते हे गाडीच्या ताकदीवर अवलंबून नाही. म्हणून हंगामात रात्रीचा वेग मी जुन्या गाडीवर होता तेवढाच ठेवतो, आणि शक्यतो रात्री निघतच नाही.

ब्रेक चांगले आहेत. पुढे ३२० मिलीमीटरची डिस्क आहे आणि दोन्ही चाकांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, आहे. जोरात ब्रेक मारताना लिव्हर बोटांखाली धडधडू लागली की घाबरून ती सोडणारे मी पाहिले आहेत. सोडायची नाही, दाबून धरायची. डांबरी रस्त्यावर, पाऊस असला तरी, एबीएसचा आधार मोठा आहे. सुट्या खडीवर आणि चिखलावर मात्र एबीएसमुळे थांबण्याचे अंतर वाढते, आणि वळणात आडव्या झालेल्या गाडीला हे एबीएस वाचवू शकत नाही. गाडीला ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे रेस जास्त झाल्यावर मागचे चाक घसरू न देणारी यंत्रणा, नाही. म्हणून आंबोलीच्या ओल्या वळणातून बाहेर पडताना रेस हळूहळू उघडणे हे पूर्णपणे आपल्या मनगटाचे काम आहे.

एक निर्णय बुकिंगच्या आधीच घ्यावा. तारांची चाके घेतली तर टायरला ट्यूब असते, अलॉय (तारांशिवायच्या, ओतीव धातूच्या) चाकांची गाडी घेतली तर ट्यूबलेस टायर मिळतात. तारांची चाके या गाडीला शोभून दिसतात हे मलाही मान्य आहे. पण आजरा ते आंबोली पट्ट्यात पावसात मागचे चाक पंक्चर झाले तर ट्यूबसाठी चाक खोलावे लागते. ट्यूबलेस असेल तर रस्त्याकडेला बसून आपण स्वतः पंक्चर काढू शकतो. आपला नेहमीचा रस्ता पाहता मी अलॉयच घ्या असे आग्रहाने सांगेन.

बाकी थोडक्यात सांगतो. पहिली सर्व्हिसिंग ५०० किलोमीटरला असते. तोवर एकाच वेगावर तासन्‌तास चालवू नये, फेऱ्या कमी-जास्त करत राहावे, आणि वरच्या गिअरमध्ये इंजिन गुदमरेल असेही चालवू नये. नवे टायर गुळगुळीत असतात, त्यामुळे पहिले शे-दीडशे किलोमीटर वळणात गाडी फार झुकवू नये. चेन दर ५०० किलोमीटरला साफ करून तेल द्यावे, पावसाळ्यात त्याहून आधी. इंजिन हवा आणि तेलावर थंड होणारे असल्यामुळे महाद्वार रोडसारख्या गर्दीत गुडघ्यांना धग लागते. गाडीत बिघाड नाही, ती तशीच असते. विम्याच्या बाबतीत, नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो, आणि २०२२ साली ठरलेल्या दरांप्रमाणे १५० ते ३५० सीसीसाठी ७,३६५ रुपये असलेला हा हप्ता ३५० सीसीच्या वर १५,११७ रुपये होतो, कर वेगळा. हेल्मेट, जॅकेट, हातमोजे आणि घोट्याच्या वरपर्यंतचे बूट यांचे पैसे ऑन-रोड किमतीतच धरावेत, दोघांचेही.

मूळ प्रश्नकर्ता

आपण इतका वेळ देऊन लिहिलेत याबद्दल मनापासून आभारी आहे. चाकांचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. आता अलॉयचीच गाडी सांगणार आहे. कमी वेगातल्या आणि ब्रेकच्या सरावासाठी काही ठरावीक पद्धत आहे का? रविवारी सकाळी मोकळे मैदान मिळू शकते. पत्नीला मागे बसवण्याचा प्रश्नही तेवढा राहिला.

प्रतिसाद (लेस्टर, इंग्लंड)

मूळचा इचलकरंजीचा, त्यामुळे उसाच्या ट्रॉल्यांचे वर्णन वाचून लगेच डोळ्यांपुढे आले. इथे आपण म्हणता त्या पायऱ्या आहेत आणि योगायोग असा की, आपली गाडी त्यांतल्या एका पायरीच्या बरोबर काठावर बसते. १९ व्या वर्षी मिळणाऱ्या ए-टू परवान्यावर ३५ किलोवॉटपर्यंतच्या गाड्या चालवता येतात, आणि ३५ किलोवॉट म्हणजेच आपले ४७ अश्वशक्ती. त्याहून मोठ्या गाडीसाठी दोन वर्षे थांबून पुन्हा परीक्षा द्यावी लागते, किंवा २४ व्या वर्षी थेट देता येते.

त्या परीक्षेचा पहिला भाग रस्त्यावर होत नाही, बंदिस्त मैदानात होतो, आणि तोच आपल्या कामाचा आहे. सुरुवात इंजिन बंद ठेवून होते: गाडी स्टँडवरून काढायची आणि ढकलत मागे नेऊन शेजारच्या आखलेल्या चौकोनात लावायची. गल्लीत राहणाऱ्या माणसाने आधी हेच शिकावे. मग ओळीने ठेवलेल्या शंकूंमधून नागमोडी, दोन शंकूंभोवती इंग्रजी आठचा आकडा, चालणाऱ्या माणसाच्या गतीने सरळ रेषेत गाडी नेणे आणि अरुंद जागेत पूर्ण वळण. नजर पुढच्या चाकावर न ठेवता जिथे जायचे तिथे ठेवली की निम्मे काम होते. शेवटी ताशी ५० किलोमीटरला परीक्षकाच्या इशाऱ्यावर अचानक ब्रेक, आणि त्याच वेगाला ब्रेक न लावता अडथळा चुकवणे. हे दोन प्रकार आपण ताशी ३० पासून सुरू करावेत, कोरड्या आणि खडी नसलेल्या डांबरावर किंवा काँक्रीटवर. मातीच्या मैदानावर ब्रेकचा सराव करू नये. पुढचा ब्रेक झटक्याने न ओढता, वजन पुढच्या चाकावर येऊ देत क्रमाने वाढवत न्यावा. तो क्रम हाताला समजला की ज्यांना आपण घाबरता त्या बहुतेक प्रसंगांत हात आपोआप बरोबर काम करतो.

मागे बसवण्याविषयी: इथे परीक्षा पास होईपर्यंत मागे कोणालाही बसवता येत नाही, आणि हा नियम मला शहाणपणाचा वाटतो. आपणही वर सांगितलेले सगळे प्रकार न अडखळता जमेपर्यंत वहिनींना बसवू नये. त्यानंतर आधी शहरात आणि मग जोतिबापर्यंत जावे, आंबोली त्याच्यानंतर. दोघे असताना मागच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरची स्प्रिंग कडक करून घ्यावी; तिला पाच टप्पे आहेत. टायरमधली हवा पुस्तिकेत दोघांसाठी दिली आहे तेवढी भरावी. वहिनींना एवढेच सांगून ठेवावे की, वळणात आपण झुकाल त्याच बाजूला आपल्या खांद्यावरून पाहावे आणि ब्रेकच्या वेळी हात टाकीवर टेकवावेत, आपल्या पाठीवर नव्हे. नाहीतर त्यांचे सगळे वजन आपल्या मनगटांवर येते आणि हँडल हलते.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. टाकीवर हात टेकवण्याची गोष्ट पत्नीला आत्ताच वाचून दाखवली. आगाऊ रक्कम याच आठवड्यात भरतो आहे. गाडीचा ताबा घेताना चासीचा क्रमांक, उत्पादनाचा महिना आणि टायरवर छापलेला आठवडा-वर्षाचा आकडा पडताळून घेणार आहे; याखेरीज पासिंगच्या आधी आणखी काही बघायला हवे असेल तर कृपया इथेच लिहावे.