'गॅसलाइटिंग'ला मराठीत काय म्हणाल?

एका सायकॉलॉजिकल थ्रिलरचे मराठी सबटायटल्स करतेय. नवरा बायकोला हळूहळू पटवत जातो की तुझंच डोकं ठिकाणावर नाही, आणि एका सीनमध्ये धाकटी बहीण तिला सांगते की तो तुला गॅसलाइट करतोय. इथे अडलंय. 'फसवतोय' फारच मिळमिळीत वाटतं. सुचवा काहीतरी.

– वेड्यात काढतोय. झालं की.

– जवळ आहे, पण गोची अशी की 'मला वेड्यात काढतोस काय' हे आपण समोरच्याला तोंडावर विचारतो, म्हणजे आपल्याला कळलेलं असतं. इथे तर जिच्यावर चाललंय तिला पत्ताच नसतो, उलट ती त्यालाच विचारते, अरे मी किल्ली कुठे ठेवली रे?

– मूळ शब्द पॅट्रिक हॅमिल्टनच्या १९३८ च्या 'गॅस लाइट' नाटकावरून आलाय, १९४४ च्या सिनेमात इन्ग्रिड बर्गमन होती, ऑस्कर मिळालं तिला. बरेच जण सांगतात की नवरा मुद्दाम दिवे कमीजास्त करून तिला वेड लावतो, तसं नाहीये. तो दागिने शोधायला चोरून वरच्या मजल्यावर जातो, तिथला गॅस पेटवला की खालच्या दिव्याची ज्योत बारीक होते. म्हणजे ती ज्योत हा खरं तर त्याच्याविरुद्धचा पुरावा, आणि बाईला वाटतं आपल्याला भास होताहेत! छळ करायला तो वस्तू लपवतो आणि तूच हरवलीस म्हणतो.

– 'बुद्धिभेद' का नको? गीतेत आहे, 'न बुद्धिभेदं जनयेत्'.

– अहो तो सभेतला शब्द झाला, 'विरोधक जनतेचा बुद्धिभेद करताहेत' छाप. स्वयंपाकघरात उभी राहून कुठली बहीण असं बोलेल?

– पंचतंत्रातला बोकड आठवा, तीन ठग वाटेत एकामागून एक भेटतात, कुत्रं काय खांद्यावर घेतलंय म्हणतात आणि ब्राह्मण बोकड टाकून पळतो. तंतोतंत हेच. फक्त तिथे ठग परके आहेत, इथे घरातला माणूस आहे त्यामुळे 'केसाने गळा कापणे' पण थोडं येतं त्यात. पण केसाने गळा कापला तरी माणूस स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेत नाही ना, इथे मेख आहे.

– मग क्रियापदच सरळ फिरवा: 'ताई, तुला काही झालेलं नाहीये. तो तुला वेडी ठरवतोय.' ठरवतोय म्हटलं की डाव आला, आणि ती वेडी नाही हेही आलं.

– हे मस्त! दोन ओळीत बसतंय पण. पुढे कौन्सेलरचा सीन आहे तिथे काय करू?

– तिथे गॅसलाइटिंगच ठेवा बिनधास्त. २०२२ मध्ये मेरियम-वेबस्टर डिक्शनरीचा वर्ड ऑफ द इयर होता, कौन्सेलर लोक मराठीत बोलतानाही तोच वापरतात. 'मनोभ्रमण' वगैरे काही पाडू नका प्लीज.