मदत हवी आहे: दिव्यांखालच्या खो-खोचे फोटो, ३० हजारांत कोणती लेन्स?

नमस्कार मंडळी,

लेक १३ वर्षांची आहे, तीन वर्षं खो-खो खेळते. सराव आणि बहुतेक सामने पेठेतल्याच एका शाळेच्या मैदानावर, संध्याकाळी साडेसहानंतर. कोपऱ्यांत चार दिवे, त्यातला एक बहुतेक वेळा रुसलेला.

कॅमेरा निकॉन डी५६००, त्याच्याबरोबर आलेल्या दोन लेन्स, १८-५५ आणि ७०-३०० (एएफ-पी, एफ/४.५-६.३; एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त). नवऱ्याने लडाखसाठी घेतला होता. लडाख राहिलं, कॅमेरा कपाटात राहिला.

गेल्या रविवारी लेकीने खांबावर असा सूर मारला की बाकावर बसलेल्या एक आजी टाळ्या वाजवत उभ्या राहिल्या. माझ्या फोटोत खांब लख्ख आलाय, लाकडाच्या रेषा मोजाव्यात इतका. लेकीच्या जागी एक निळी फरफट आहे. तिने तो पाहिला आणि म्हणाली, "आई, खांब छान आलाय."

तपशील: २८० एमएम, एफ/६.३, शटर १/१२५ सेकंद, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ६४००. व्हीआर (फोटो हलू नये म्हणून लेन्समधली सोय) चालू होतं, तरी फोटो हलला कसा?

आता प्रश्न. बजेट ३० हजार, वापरलेली लेन्स चालेल. लक्ष्मी रस्त्याच्या मागे एका दुकानात निकॉनची ८०-२०० एफ/२.८ डी पाहिली, २८ हजार सांगतायत. हातात घेतली तर वरवंटाच! दुकानदार म्हणाले, "मॅडम, तुमच्या कॅमेऱ्यावर अगदी फिट बसते." दुसरा पर्याय ८५ एफ/१.८. पण तिला झूम नाही आणि मैदान २७ मीटर लांब. लेक पलीकडच्या खांबाला गेली की मी काय करू?

चौकटीबाहेर (पहिलं उत्तर):
ताई, पैसे दिले नाहीत ना अजून? मग देऊ नका.

दुकानदार खोटं बोलले नाहीत, लेन्स बसेलच. पण डी५६०० च्या बॉडीत फोकस फिरवणारी मोटर नाही. ती लेन्समध्ये असावी लागते, म्हणजे नावात एएफ-एस किंवा एएफ-पी हवं. ८०-२०० डी ही साधी एएफ आहे, बॉडीच्या मोटरवर चालणारी. बॉडीत मोटर असलेल्या निकॉन डी७२०० वर ती मस्त पळेल. तुमच्याकडे मीटरिंग (उजेड मोजणं) चालेल, पण फोकस हाताने करावा लागेल. १,३०० ग्रॅमची लेन्स डाव्या हातात तोलत, पळत्या पोरीवर. करून बघा आणि मग आम्हालाही शिकवा.

आणि व्हीआर तुमच्या हाताची थरथर सावरतं, लेकीचे पाय नाही. म्हणून तर खांब लख्ख आला.

मातीतला:
८५ एफ/१.८ जी घ्या, ती एएफ-एस आहे. हिशेब असा की एफ/६.३ वरून एफ/२ वर आलात की साधारण दहापट उजेड आत येतो. तेच दिवे, तोच आयएसओ ६४००, पण १/१२५ चं थेट १/१२५० होतं. सूर मारताना मुलगी स्पष्ट यायला १/१००० तरी हवाच.

झूमचं म्हणाल, तर खो-खोत पळणारीच्या मागे कॅमेरा घेऊन धावायचंच नसतं. ती कुठे वळणार हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि तिलाही नाही. पण खांबावर सूर मारायला खांबापाशी यावंच लागतं, आणि खांब काही हलत नाही. पंचांना विचारून खांबापासून आठेक मीटरवर, जरा तिरकं, चक्क मांडी घालून बसा. तिथून ८५ च्या आडव्या फोटोत सुमारे सव्वादोन मीटर रुंदी मावते, बोटांपासून टाचांपर्यंत पोरगी बसते. एफ/२ ला फोकसमध्ये जेमतेम ७० सेंटीमीटरचा पट्टा राहील. तेव्हा फोकस आधीच खांबाच्या बुंध्यावर लावून ठेवा आणि डोळा व्ह्यूफाइंडरबाहेर काढून खेळ बघा. ती पलीकडच्या खांबाला गेली तर जाऊ दे, परत येतेच. तिथला फोटो २४ मेगापिक्सेलमधून कापून व्हॉट्सॲपपुरता होतो.

आणि फ्लॅश नको. पोरींच्या डोळ्यांवर येतो.

झूमवाले काका:
हे ठीक, पण मधल्या चौकातली खरी पळापळ, खो दिल्यावर उठतानाचा तो पहिला झटका, हे ८५ मध्ये एवढंसं दिसतं. कोणी सांगितलं नाही म्हणून सांगतो. तरीही ३० हजारांत एफ/२.८ चा झूम घेऊ नका. मी दुसऱ्या एका कंपनीची जुनी ७०-२०० एफ/२.८ स्वस्तात उचलली होती. मोटर लेन्समध्येच होती, पण ती घर्र करत फोकसला येईपर्यंत गडी बाद होऊन बाहेर बसलेला असायचा.

आधी ८५ एका दिवसाच्या भाड्याने आणा. पुण्यात मिळते, ओळखपत्र आणि डिपॉझिट द्यावं लागतं. वापरलेली घेतलीत तर मागचं झाकण काढून मोबाइलचा टॉर्च तिरपा मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले की ती बुरशी, नमस्कार करून बाहेर पडायचं. इथल्या पावसाळ्यात कपाटातल्या लेन्सला ती हमखास धरते. लडाखवाल्या जोडीलाही एकदा टॉर्च मारून घ्या.

खांबाची आई (धागाकर्ती):
८०-२०० वाचवल्याबद्दल (म्हणजे माझे पैसे) आभार. दुकानदारांना मोटरचं विचारलं तर म्हणाले, "हाताने फोकस करायची मजाच वेगळी."

टॉर्च मारला. ७०-३०० स्वच्छ आहे. १८-५५ च्या कडेला एक पांढरा धागा दिसतोय, नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

काल ८५ भाड्याने आणली. पहिली वीस मिनिटं फुकट गेली, सवयीने सारखी झूमची रिंग शोधत होते. मग मांडी घातली. १८० फोटोंत ११ बरे. त्यातल्या एकात लेक हवेत आडवी आहे, एक हात खांबाला, वेणी सरळ मागे, आणि तळव्याची माती सुटून उडतेय. ते मातीचे कण वेगवेगळे दिसतायत! ८५ घ्यायचं नक्की, वापरलेली २३ हजारांना बघून ठेवलीय. उरलेल्यातून हवाबंद डबा आणि सिलिका जेल.

एकच शंका. लागोपाठ काढलेल्या फोटोंत एक पिवळट, पुढचा काळपट, तिसरा ठीक. सेटिंग तेच. कॅमेरा बिघडलाय का?

मातीतला:
नाही, दिवे लुकलुकतात. ५० हर्ट्झच्या विजेवर असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, डोळ्याला कळत नाही. १/१००० च्या शटरला त्या एका लाटेचा दहावाच भाग सापडतो, कधी माथा, कधी तळ. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, म्हणजे रंग नंतर सावरता येतो. आणि प्रत्येक सुराला बटण दाबून चार-पाच फोटो घ्या, एखादा तरी माथ्यावर मिळतो. त्या चौथ्या दिव्याचं मात्र शाळेतच विचारा.