समोरच्या दातांच्या कंपोझिटला कडेने तपकिरी रेषा : मदत हवी आहे

चोपडेकर : एका रुग्णाच्या वरच्या मधल्या दाताची मोडलेली कड कंपोझिटने (दाताच्या रंगाच्या भरणाने) बांधून दिली होती. रंग उत्तम जुळला, पण आता दात व कंपोझिटच्या सांध्यावर तपकिरी रेषा उमटली आहे. आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) त्याच्या घरी लग्न असल्याने काम लवकर करायचे आहे. कोणते कंपोझिट घ्यावे, एवढेच कृपया सांगावे.

तापीकाठ : डॉक्टर, पदार्थाचे नाव सांगण्याआधी काही गोष्टी कळायला हव्यात. रबर डॅम (दात कोरडा ठेवणारा रबराचा पडदा) लावला होता का, बेव्हल (कडेला तिरका उतार) दिला होता का, आणि रुग्ण तंबाखू खातो का?

चोपडेकर : तंबाखू नाही, चहा भरपूर. रबर डॅमऐवजी कापसाचे बोळे ठेवले होते. लहान बेव्हल देऊन, कंपोझिट नीट चिकटावे म्हणून त्यावर ३७ टक्के फॉस्फोरिक आम्ल १५ सेकंद लावले होते. कंपोझिट कडक करणारा लाइट जुनाच आहे.

धुळ्याचा दंतवैद्य : मग दोष लाइटचाच आहे. लाइटच्या टोकाला चिकटलेले कंपोझिट काढून रेडिओमीटरवर (प्रकाश मोजण्याच्या यंत्रावर) तीव्रता पाहावी, आणि कंपोझिटचा थर २ मिलिमीटरपेक्षा जाड ठेवू नये.

तापीकाठ : लाइट जरूर तपासावा, परंतु लाइट कमी पडला असता तर बहुधा पूर्ण पृष्ठभागाची चमक गेली असती, येथे डाग फक्त कडेला आहे. बेव्हलच्या पुढे, आम्ल न लागलेल्या एनॅमलवर (दाताच्या कठीण बाह्य आवरणावर) कंपोझिटचा पातळ पापुद्रा पसरला असेल, तर तो चिकटत नाही आणि त्याखाली चहा शिरतो. शिवाय जळगावच्या उन्हाळ्यात बॉन्डिंगची (कंपोझिट चिकटवणाऱ्या द्रवाची) बाटली उघडी राहिली, तर त्यातील द्रावक उडून जातो आणि पकड कमी होते.

भुसावळवासी : मी डॉक्टर नाही, दुसराच एक रुग्ण आहे. मला झिरकोनियाची (पांढऱ्या सिरॅमिकची) कॅप बसवली आणि प्रश्नच मिटला. तुम्हीही तेच करावे.

तापीकाठ : एका कडेसाठी निरोगी दात सर्व बाजूंनी कोरणे मला योग्य वाटत नाही.

चोपडेकर : मग पूर्ण कंपोझिट काढू का?

तापीकाठ : लगेच नको. आधी बारीक डिस्कने कड घासून पाहावी. रेषा गेली, तर फक्त पॉलिश पुरे. राहिली, तर तेवढीच कड कापून, बेव्हल लांब आणि उतरता करून, आम्ल बेव्हलच्या थोडे पुढेपर्यंत लावावे. रंग मात्र रबर डॅम लावण्याआधी, दात ओला असतानाच निवडावा, कारण सुकलेला दात पांढरा दिसतो. शेवटच्या थरावर ग्लिसरीन जेल लावून पुन्हा लाइट द्यावा. हवेमुळे वरचा थर अर्धवट कडक होतो आणि तोच डाग धरतो.

धुळ्याचा दंतवैद्य : रुग्णाला खालचा जबडा पुढे सरकवायला सांगून चावा कागदावर तपासला का? कडेवर भार येत असेल, तर सांधा पुन्हा उघडेल.

चोपडेकर : तो तपासलेला नाही. उद्या रुग्णाला बोलावून चावा पाहतो आणि डिस्कने कड घासून काय दिसते, ते येथे लिहितो.