शांता गोखले : नाटक, पत्रकारिता आणि दोन भाषांतले लेखन

प्रश्न

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे शांता गोखले यांनी केलेले इंग्रजी भाषांतर २०१७ साली प्रसिद्ध झाले. मराठी वाचता न येणाऱ्या माझ्या भाचीसाठी मी ते घेतले आणि मूळ पुस्तक शेजारी ठेवून स्वतःच वाचत बसले. लक्ष्मीबाईंचा तो घरगुती, खट्याळ सूर इंग्रजीतही ऐकू येतो, याचे मला फार नवल वाटले. त्यानंतर शांताबाईंविषयी वाचू लागले, तेव्हा कळले की त्यांनी महाविद्यालयात शिकवले, ‘फेमिना’त उपसंपादकाचे काम केले, ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या कलाविभागाचे संपादन केले, नाट्यसमीक्षा, नाटक आणि कादंबऱ्याही लिहिल्या. इतक्या कामांमधले मुख्य काम कोणते मानावे, आणि वाचायला सुरुवात कोठून करावी?

प्रतिसाद १

माझ्या मते मुख्य काम नाटकाचेच. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केले, तेथपासून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंतच्या मराठी नाटकाचा इतिहास त्यांनी इंग्रजीत लिहिला (२०००) आणि नाटककाराला त्याच्या केंद्रस्थानी ठेवले. माझ्या मनाच्या अधिक जवळचे आहे ते मुंबईच्या प्रायोगिक रंगभूमीवरचे, त्यांनी संपादित केलेले पुस्तक (२०१५). भुलाभाई इन्स्टिट्यूट, वालचंद टेरेस आणि छबिलदास या तीन जागांची कहाणी तेथे काम केलेल्या माणसांच्याच तोंडून त्यात येते. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात मी तरुणपणी नाटके पाहिली आहेत. खालच्या गल्लीतल्या विक्रेत्यांची हाकाटी आणि बटाटेवड्यांचा वास खिडक्यांतून आत येत असे, आणि तरीही नटाचे हलक्या आवाजातले वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत असे. तो काळ पुढे सरला. या माणसांना वेळेत बोलते केले नसते, तर त्यातले कितीतरी त्यांच्याबरोबरच गेले असते.

प्रतिसाद २

वरील मताचा आदर राखूनही मी कादंबरीकडे बोट दाखवीन. १९३९ साली डहाणूत जन्म, शिवाजी पार्कात बालपण, इंग्रजी माध्यमाची शाळा, पदवी थेट ब्रिस्टल विद्यापीठाची. अशा बाईला इंग्रजीत लिहिणे सोपे होते. तरीही ‘रीटा वेलिणकर’ (१९९०) आणि ‘त्या वर्षी’ (२००८) या दोन्ही कादंबऱ्या त्यांनी आधी मराठीत लिहिल्या आणि मग स्वतःच इंग्रजीत नेल्या. मला त्यांच्या साऱ्या कामाची किल्ली या निवडीत सापडते. घराचा भार वाहून मोडून पडलेली रीटा रुग्णालयाच्या खाटेवर आपले आयुष्य पुन्हा जुळवू पाहते, आणि लेखिका तिच्याविषयी ना कीव मागते ना निवाडा देते. मी ही कादंबरी आईच्या आजारपणात, तिच्या उशाशी बसून वाचली होती. थोरल्या मुलीवर घर किती सहजपणे टेकते, हे तेव्हा प्रथमच माझ्या लक्षात आले आणि आईला तिच्या माहेराविषयी मी जे कधी विचारले नव्हते, ते विचारले.

प्रतिसाद ३

पत्रकारितेला दोघांनीही बाजूला ठेवले, याचे वाईट वाटले. वर्तमानपत्रासाठी लिहिणाऱ्याला मुदत पाळावी लागते, शब्द मोजावे लागतात, आणि ज्याने नाटक पाहिलेले नाही त्यालाही ते दिसेल असे लिहावे लागते. ही शिस्त त्यांच्या सगळ्याच गद्यात उतरलेली आहे. सतीश आळेकरांचे ‘बेगम बर्वे’ त्यांनी इंग्रजीत आणले, हे त्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. संगीत नाटकातली पदे ज्याच्या कानात नाहीत, त्याच्यापर्यंत अगरबत्त्या विकणाऱ्या बर्व्याचे स्वप्न न्यायचे म्हणजे नुसते शब्दार्थ पुरत नाहीत; परक्या वाचकाला काय ठाऊक नसेल, याचे भान सतत जागे ठेवावे लागते, आणि ते भान पत्रकाराला रोजच्या कामातून येते. सुरुवातीसाठी त्यांच्या निवडक लेखांचा जेरी पिंटो यांनी संपादित केलेला संग्रह घ्यावा. २०१९ साली आलेले आत्मचरित्र त्यानंतर वाचावे. आपले आयुष्य त्यांनी त्यात शरीराच्या आधाराने सांगितले आहे, आणि कर्करोगाविषयीही तितक्याच स्वच्छपणे लिहिले आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

तिघांचेही मनापासून आभार. भाचीला लेखसंग्रह देते आणि मी ‘रीटा वेलिणकर’ मराठीतूनच घेते. छबिलदासविषयी आणखी लिहावे, अशी पहिल्या प्रतिसादकांना विनंती. तेथे कोणती नाटके पाहिलीत, ते वाचायला आवडेल.