मदत हवी आहे: वायफायसाठी राउटरमागे फॉइल लावलं, बेडरूम सुधारली पण किचन गेलं

२ बीएचके, १०० एमबीपीएसचा प्लॅन. लॅन केबल थेट लॅपटॉपला लावली की ९४ येतात, म्हणजे लाइन व्यवस्थित आहे. राउटर हॉलमध्ये टीव्हीशेजारी, दोन अँटेनावाला. मागच्या बेडरूमपर्यंत ५ गिगाहर्ट्झचं वायफाय दोन भिंतींमुळे पोचतच नाही, २.४ गिगाहर्ट्झवर जेमतेम ७ एमबीपीएस मिळायचे. चॅनेल १, ६, ११ तिन्ही करून पाहिले, ११ त्यातल्या त्यात बरा. राउटर स्टीलच्या रॅकवरून उचलून लाकडी स्टुलावर ठेवला, थोडा फरक पडला.

मग बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा अर्धगोल वाकवून त्याला पोळ्यांची फॉइल चिकटवली, चकचकीत बाजू आत, आणि अँटेनामागे उभी केली. बेडरूममध्ये थेट १९! पण किचन फॉइलच्या मागे येतं, तिथे आईचा व्हिडिओ कॉल सारखा अडकतो आणि मायक्रोवेव्ह लावला की तुटतोच.

भाड्याचं घर आहे त्यामुळे भिंतीला भोक पाडता येणार नाही, नवीन राउटर किंवा मेश (घरभर ठेवायचे एकमेकांना जोडलेले वायफाय युनिट) सध्या नको.

२.४ ची लाट साधारण साडेबारा सेंटीमीटरची, त्या हिशोबाने फॉइल अँटेनापासून किती लांब ठेवू? आणि एकाच अँटेनामागे लावून दुसरा मोकळा ठेवला तर किचन सुटेल का, कुणी करून पाहिलंय?